पेटीत किती पडली?

मराठी शिकवणाऱ्या माणसाला 'निकाल' हा शब्द वर्षातून दोन वेळा हमखास भेटतो. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे सत्रांचे निकाल लागतात, मुले मोबाइलवर माना घालून व्हरांड्यात उभी राहतात, आणि आपण विभागाच्या दारातून कोण हसते, कोण एकदम गप्प होते ते पाहत असतो. मी मात्र एकदा निराळ्याच जातीचा निकाल फार जवळून पाहिला. इतक्या जवळून, की माझ्याच टेबलावर कळ दाबली गेली आणि तो बाहेर पडला.

ती तारीख होती 23 फेब्रुवारी 2017. लातूर जिल्हा परिषद आणि तिच्या पंचायत समित्यांची मतमोजणी. निवडणुकीच्या कामात शिक्षक-प्राध्यापकांना घेतात हे सर्वांना ठाऊक आहे. त्या वर्षी मला चाकूर तालुक्याच्या मतमोजणीचा आदेश आला. आमच्याकडे मतदान 16 तारखेलाच झाले होते. पण दुसऱ्या टप्प्यातील जिल्ह्यांचे मतदान 21 तारखेला व्हायचे असल्याने आमची यंत्रे आठवडाभर कुलूपबंद खोलीत पडून होती. त्या आठवड्यात तालुक्यात शेतात हरभऱ्याची काढणी आणि पारावर आकडेमोड अशी दोनच कामे चालली होती.

या निवडणुकीत एक गंमत असते. खेड्यातला मतदार एकाच वेळी दोन मते देतो. एक जिल्हा परिषदेच्या गटासाठी, त्याची मतपत्रिका पांढरी; दुसरे पंचायत समितीच्या गणासाठी, तिची मतपत्रिका गुलाबी. एका गटात दोन गण. म्हणजे एकाच बोटाने माणूस जिल्ह्यालाही माणूस पाठवतो आणि तालुक्यालाही. दुसरी गंमत माझ्यापुरती. चाकूरची ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत झाल्यापासून चाकूर शहरात राहणाऱ्यांना जिल्हा परिषदेचे मत उरलेले नाही. तालुक्याची कचेरी आमच्या गावात, पंचायत समिती आमच्या गावात, मोजणीही आमच्या गावात. पण मत नळेगावचे, वडवळ नागनाथचे, चापोलीचे, जानवळचे. जिला मत नाही अशी बाई इतरांची मते मोजायला बसली होती. लग्नघरी वाढपी उपाशी, त्यातलाच प्रकार.

मोजणीचे काम ज्यांनी पाहिले नाही त्यांना ते फार रोमांचक वाटते. प्रत्यक्षात ते बँकेच्या कारकुनी कामासारखे असते. यंत्र टेबलावर येते. जाळीपलीकडे उमेदवारांचे प्रतिनिधी वही-पेन घेऊन बसलेले असतात. त्यांना मोहोर दाखवायची, क्रमांक ताडून पाहायचा, मोहोर तोडायची, कळ दाबायची. छोट्या पडद्यावर एकेका उमेदवाराचा आकडा उमटतो. तो मोठ्याने वाचायचा, तक्त्यात लिहायचा, सह्या घ्यायच्या, की पुढचे यंत्र. एका यंत्राला काही मिनिटे पुरतात. पाच वर्षांची भांडणे, भाऊबंदकी, आशा, शपथा, जेवणावळी, सगळे त्या काही मिनिटांत आकडा होऊन बाहेर येते. बाहेर रस्त्यावर हलगी वाजत असते, ध्वनिक्षेपकावर फेरीचा निकाल पुकारला जातो आणि गर्दीचा एक तुकडा उसळतो, एक तुकडा पांगतो.

दुपारनंतर आमच्या टेबलाचे काम संपले. मी तक्ते जुळवत होते. तेवढ्यात जाळीपाशी एक बाई आल्या. वय माझ्याएवढेच, पस्तिशीचे. डोक्यावर पदर, कपाळावर गुलालाचा ठिपकाही नाही. एका गणातून त्या उभ्या होत्या आणि थोड्या मतांनी मागे राहिल्या होत्या. गण कोणता, पक्ष कोणता, हे इथे सांगण्याचे कारण नाही. त्यांचा प्रतिनिधी शेवटची फेरी होण्याआधीच वही घेऊन निघून गेला होता. हरणाऱ्याच्या टेबलावरून माणसे फार लवकर उठतात.

त्या म्हणाल्या, "मॅडम, एक सांगता का? आमच्या गावच्या पेटीत मला किती पडली?"

पेटी जाऊन यंत्र आल्याला किती वर्षे झाली. पण आमच्याकडे अजून 'पेटी'च म्हणतात. मी म्हटले, "ताई, एकूण आकडा बाहेर लावलाय."

"त्यो कळला. आमच्या गावचा पायजे."

आकडे पुकारून झालेले होते, लपवण्यासारखे काही नव्हते. मी तक्ता पाहून सांगितला. त्यांच्याजवळ कागद नव्हता. माझ्याकडचे पेन मागून त्यांनी तो आकडा डाव्या तळहातावर लिहिला, क्षणभर त्याच्याकडे पाहिले, मूठ मिटली आणि गर्दीतून वाट काढत निघून गेल्या. तो आकडा चांगला होता की वाईट हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळले नाही. पुढे बरीच वर्षे कळले नाही.

संध्याकाळी जिल्ह्याचे चित्र स्पष्ट झाले. 58 पैकी 36 जागा भारतीय जनता पक्षाला, 15 काँग्रेसला, 5 राष्ट्रवादीला. लातूर म्हणजे काँग्रेसचा गड, हे वाक्य ऐकत माझी पिढी वाढली. त्या जिल्ह्यात भाजपची जिल्हा परिषदेवर ही पहिली बहुमताची सत्ता. पुढे दोनच महिन्यांनी, एप्रिलमध्ये, लातूर महानगरपालिकेच्या 70 जागांपैकीही भाजपला 36च मिळाल्या आणि काँग्रेसला 33. ज्या पक्षाचा आधीच्या सभागृहात एकही नगरसेवक नव्हता त्याची ती मजल होती. आमच्या विभागातले एक सहकारी तेव्हा म्हणाले होते, की लातूरच्या काँग्रेसचा आणि नशिबाचा खरोखरच छत्तिसाचा आकडा जमला आहे.

त्या निकालाची मीमांसा पुष्कळांनी केली. कुणी 2014 पासूनच्या लाटेकडे बोट दाखवले, कुणी 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले त्या दिवसांकडे, कुणी विलासराव देशमुखांच्या पश्चात उरलेल्या पोकळीकडे. मला त्यात भर घालायची नाही. मी राज्यशास्त्राची विद्यार्थिनी नाही. माझ्या डोक्यात त्या रात्री घोळत होते ते शब्द.

'पडणे' हेच क्रियापद घ्या. मते पडतात आणि उमेदवारही पडतो. पडलेली मते मोजली जातात, पडलेला उमेदवार मोजला जात नाही. 'निवडणूक' हा शब्द आपण इतका वापरतो की त्यातले 'निवडणे' ऐकूच येत नाही. माझी आई सुपात तूर घेऊन उजेडाला बसायची आणि खडा, माती, किडका दाणा बाजूला करायची. निवडणे म्हणजे खडे काढणे. डाळ निवडून झाली की ती शिजवायची असते, हे तिला सांगावे लागत नसे. आपण मात्र निवडून झाले की सूप खुंटीला टांगून मोकळे होतो. आणि 'निकाल'? वादाचा निकाल लागतो, म्हणजे वाद मिटतो. पण एखाद्याचा निकाल लावणे म्हणजे त्याला संपवणे, आणि एखादे प्रकरण निकालात काढणे म्हणजे ते पुन्हा उघडू नये अशी व्यवस्था करणे. आपल्या भाषेने या शब्दात शेवट भरून ठेवला आहे.

वर्तमानपत्रांनी वापरलेला शब्द याहून जुना आणि मला अधिक जवळचा: 'जनतेचा कौल'. कोकणात देवाला कौल लावतात, मूर्तीवर लावलेली कळी उजवीकडे पडते की डावीकडे यावर उत्तर समजतात. बातमीदाराच्या मनात बहुधा हाच अर्थ असतो: जनता हा देव, आणि त्याने उजवा कौल दिला. परंतु अरबीतून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ 'वचन', 'बोल' असा आहे. मराठी राज्यातील कागदपत्रे चाळली तर 'कौल' आणि 'कौलनामा' हे शब्द जागोजागी भेटतात. ओसाड पडलेल्या गावात कुणब्यांनी परत यावे, जमीन लागवडीस आणावी, म्हणून सरकार त्यांना अभयाचे वचन लिहून देई. सारा सवलतीने घेऊ, उपद्रव देणार नाही. तो कौल. म्हणजे कौल वरून खाली दिला जाई, राज्यकर्त्याकडून रयतेला, आणि तो शेवट नसे. तिथून नांगर चालू होत असे.

निवडणुकीचा निकाल म्हणजे निकाल की कौल, हा प्रश्न मला तेव्हा शब्दांचा खेळ वाटला होता. पुढच्या काळाने तो खेळ उरू दिला नाही.

माझे वडील, आमचे अण्णा, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. आमच्या घरात 'परिषद' हा शब्द घरातल्या वडीलधाऱ्या माणसासारखा वावरत असे. परिषदेचा पगार, परिषदेची बदली, परिषदेचा दवाखाना, परिषदेचा रस्ता. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून 1961 चा कायदा झाला आणि 1 मे 1962 रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. तेव्हा आमचा हा मुलूख उस्मानाबाद जिल्ह्यात होता. लातूर जिल्हा झाला तो 1982 च्या ऑगस्टमध्ये. विलासराव देशमुख बाभळगावचे सरपंच झाले, मग लातूर पंचायत समितीचे उपसभापती आणि उस्मानाबाद जिल्हा परिषदेचे सदस्य, आणि मग कुठे विधानसभेत गेले. चाकूरचे शिवराज पाटील लोकसभेचे अध्यक्ष आणि देशाचे गृहमंत्री झाले. त्यांची सुरुवात लातूरच्या नगराध्यक्षपदाची. आमच्या भागातली मोठी माणसे अशी पायरी-पायरीने वर गेली. अण्णांना या मोठ्या नावांचे कौतुक होते. पण त्यांच्या लेखी 'मेंबर' हा खरा माणूस. शाळेचे पत्रे उडाले, विहिरीवरची मोटार जळाली, गुरुजी सहा महिने आले नाहीत, की गावकरी मेंबराच्या दारात. मेंबर काम करीलच असे नाही. पण शिव्या खायला तो जागेवर असे. "लोकशाही म्हणजे काय, तर शिवी द्यायला हक्काचं दार," असे अण्णा हसत म्हणायचे. मला ते तेव्हा फार गावंढळ वाटायचे.

2017 ला निवडून आलेल्या सदस्यांची मुदत 2022 च्या मार्चमध्ये संपली. नवी निवडणूक झाली नाही. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या मार्च 2021 च्या निर्णयानंतर अडला होता; त्यासाठी आयोग नेमला गेला, जुलै 2022 मध्ये बांठिया आयोगाचा अहवाल आला; मग गट-गणांच्या संख्येचा आणि रचनेचा वाद; तारखांवर तारखा. हा वाद फालतू नव्हता. कुणाला किती जागा मिळाव्यात हा न्यायाचाच प्रश्न आहे, आणि तो घाईने उरकावा असे कुणी म्हणणार नाही. परंतु न्यायाची वाट पाहताना लातूरसह राज्यातील बहुतेक जिल्हा परिषदांवर प्रशासक आले आणि पंचायत समित्यांच्या सभापतींच्या खोल्यांना कुलपे लागली. महिने गेले, वर्षे गेली.

अधिकारी काम करीत नव्हते असे मला म्हणायचे नाही. रस्ते झाले, पगार झाले, लसी टोचल्या गेल्या. पण त्याच काळात, 2022 च्या सप्टेंबरमध्ये, वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची माहिती शासनाने मागवली आणि पुढच्या वर्षी 'समूह शाळा' हा शब्द निघाला. आमच्या माहेरच्या गावची शाळा लहानच. तिचे काय होणार, हे विचारायला गावातली माणसे अण्णांकडे आली. निवृत्त होऊन वीस वर्षे होत आलेल्या मास्तरांकडे. अण्णांनी त्यांना चहा दिला आणि ते गप्प बसले. त्यांच्या ओळखीचे दार बंद होते, आणि ते कधी उघडेल हे सांगणारे कुणी नव्हते. लोक शिव्याही देईनात. शिवी देण्यासाठी समोर कुणीतरी लागते.

2024 च्या जून महिन्यात, प्रवेशाच्या गर्दीत, त्या बाई मला पुन्हा भेटल्या. मुलीला बी. ए. ला घालायला आल्या होत्या. मी ओळखले नाही, त्यांनी ओळखले. "मॅडम, तुमचंच पेन घेतलं होतं." मग मला एकदम तळहात आठवला. मी त्यांना विभागात बसवले. त्या हसून म्हणाल्या, "आता बरंय बघा. जिंकलेली बी घरी, पडलेली बी घरी."

मी विचारले, "पुन्हा उभ्या राहणार?"

"उभं राहायला निवडणूक तर पायजे." मग थोडे थांबून म्हणाल्या, "पडल्यावर मला लई वाईट वाटलं. पन मी गप नाही बसले. जी निवडून आली तिच्या मागं लागले. बोअरचं काम, अंगणवाडीचं काम. म्हनायचे, बाई, तुला आमच्या गावची इतकी पडली, मला इतकी पडली. माझ्या इतक्यांचं बी काम तुलाच करावं लागतंय. ती चिडायची, पन करायची. आता कुनाला म्हनू?"

तो तळहातावरचा आकडा कशासाठी होता, हे मला सात वर्षांनी समजले. त्यांना कोण फितूर झाले ते शोधायचे असेल, असे मी समजले होते. तसे असतेही, आमच्याकडे पेटीनिहाय आकड्यांवरून अनेक घरांत बोलचाल बंद झालेली मी पाहिली आहे. पण त्या बाईंनी तो आकडा हिशेबासारखा जपला होता. आपल्यावर विश्वास टाकणाऱ्या इतक्या माणसांचे आपण देणे लागतो, आणि ते देणे आता जिंकलेल्या बाईकडून वसूल करायचे, असा तो हिशेब. 2011 साली महाराष्ट्राने स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांना निम्म्या जागा दिल्या तेव्हा आम्ही परिसंवादांतून 'नवऱ्याच्या सहीचे राजकारण' यावर पुष्कळ बोललो. ते खोटे नव्हते. परंतु त्या परिसंवादात ही बाई कुठेच नव्हती, कारण ती पडलेली होती.

आता थोडे दूरचे सांगते, पण ते याच गोष्टीचे आहे. माझी एक जुनी विद्यार्थिनी नवऱ्याच्या नोकरीमुळे इंग्लंडमध्ये, केंट परगण्यात राहते. वडवळच्या बाजूच्या एका खेड्यातली मुलगी. 2025 च्या मे महिन्यात तिचा फोन आला. केंटच्या काउंटी काउन्सिलची निवडणूक 1 मे रोजी झाली होती, दुसऱ्या दिवशी निकाल लागले होते, आणि तिने मत दिले होते. राष्ट्रकुलातील देशांच्या, तिथे रीतसर राहणाऱ्या नागरिकांना त्या देशात मताचा हक्क आहे, हे मला तिच्याकडूनच कळले. काउंटी काउन्सिल म्हणजे साधारण आपली जिल्हा परिषदच. रस्ते, ग्रंथालये, शाळा, म्हाताऱ्यांची देखभाल. 1888 च्या कायद्याने इंग्लंडात त्या आल्या. केंटमध्ये 1997 पासून हुजूर पक्षाची सत्ता होती. 81 जागांपैकी 57 या वेळी रिफॉर्म यूके नावाच्या नव्या पक्षाला गेल्या, आणि 2021 मध्ये 62 जागा जिंकलेल्या हुजूर पक्षाला उरल्या 5. मला आमचा फेब्रुवारी 2017 आठवला. गड सगळीकडेच असतात आणि सगळीकडेच पडतात.

पोरीचा आवाज मात्र उतरलेला होता. बाहेरून येणाऱ्यांची संख्या कमी करा, ही त्या नव्या पक्षाची मोठी मागणी. आणि ती स्वतः बाहेरून आलेली. "मी ज्याला मत दिलं तो पडला, मॅडम. जो आला त्याच्या पक्षाला आम्ही नकोसेच आहोत." मी काय बोलावे ते मला सुचेना. मग तीच म्हणाली, "पण आमच्या रस्त्यावर एक मोठा खड्डा आहे. त्याचा अर्ज आता मी त्यालाच पाठवणार आहे. उत्तर द्यायला तो बांधलेला आहे ना?"

त्याच वर्षी इंग्लंडमध्ये नऊ ठिकाणच्या निवडणुका प्रशासकीय फेररचनेसाठी एक वर्ष पुढे ढकलल्या गेल्या आणि त्यावरून तिथे बरीच ओरड झाली, हेही तिने सांगितले. एका वर्षासाठी ओरड! मी तिला विचारले, तुझ्या माहेरच्या गावी शेवटचा निकाल कधी लागला, आठवते का? ती हसली आणि मग फोनवर दोघीही थोडा वेळ गप्प होतो. चाकूर तालुक्यातली मुलगी साता समुद्रापलीकडच्या परगण्यात मत देत होती, आणि तिच्या गावात तिच्या आईला तीन वर्षे ते मत नव्हते. त्यानंतर चारच दिवसांनी, 6 मे रोजी, सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील रखडलेल्या स्थानिक निवडणुका चार महिन्यांत घ्या, असा आदेश दिला. पुढच्या घडामोडी वाचकांना ठाऊक आहेतच. तारखा त्यानंतरही पुढे सरकल्या.

त्या आदेशाची बातमी मी अण्णांना वाचून दाखवली. त्यांनी फक्त एवढेच विचारले, "आपल्या गावचा गट तोच राहतो का?" मेंबर कोण होणार, पक्ष कोणता येणार, हे त्यांनी विचारले नाही. दार कोणत्या दिशेला असेल तेवढे त्यांना हवे होते.

केंटमधली माझी विद्यार्थिनी आणि चाकूरच्या त्या बाई एकमेकींना ओळखत नाहीत. दोघीही पडलेल्या बाजूच्या. दोघींनीही निकाल लागल्यावर विषय निकालात काढला नाही; तो कौल आहे असे धरून जिंकलेल्यासमोर आपला कागद ठेवला. जिंकणाऱ्याला मते मिळतात ती काहींची, पण त्याने दिलेला कौल सगळ्यांना असतो, हे त्यांना कुणी शिकवले नव्हते. निवडणुकीच्या रात्री आपण गुलालाची छायाचित्रे पाहतो आणि जागा मोजतो. मीही मोजल्या. 58 पैकी 36 हे मला आजही पाठ आहे. त्या बाईंच्या तळहातावरचा आकडा मात्र मी स्वतः तक्त्यातून वाचून सांगितला होता, आणि तो मी विसरले.

त्यांची मुलगी पुढे माझ्या वर्गात बसू लागली. एकदा तिला विचारावे असे मनात आले होते, की आईला तो आकडा आठवतो का. विचारले नाही. आठवत असणारच.